देवाने काहीच दिलं नाही तरी तो आवडेल का?

पर्वतीपायथा (धागाकर्ती)

'अध्यात्म' विभागात टाकला तर लगेच श्लोकांचा पाऊस पडेल, म्हणून मुद्दाम 'काथ्याकूट' या चर्चेच्या विभागात टाकते आहे.

ऑफिसातल्या माझ्या मैत्रिणीचे यजमान यंदा गेले. आजारपण बरंच लांबलं होतं. त्या काळात तिने करायचं काही शिल्लक ठेवलं नाही. सोळा सोमवार, गुरुचरित्राचं पारायण, महामृत्युंजयाचा जप, चतुःशृंगीची ओटी. दिवसकार्य उरकलं आणि तिने देवघरातले देव फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकले. मला म्हणाली, "मी माझं सगळं केलं. त्याने त्याचं केलं नाही. विषय संपला."

मी गप्प राहिले. तिच्यापुढे बोलणार काय? पण तेव्हापासून मला माझीच शंका यायला लागली आहे. माझं सगळं व्यवस्थित झालं. मुलगा मार्गाला लागला, सासूबाई मोठ्या दुखण्यातून उठल्या, सहकारनगरात घर झालं. दर संकष्टीला सारसबागेत तळ्यातल्या गणपतीपुढे उभं राहून जे मागितलं ते थोडं पुढेमागे मिळत गेलं. मग इतकी वर्षं मी जिला भक्ती म्हणते ती नुसती मिळालेल्या मालाची पोच असेल तर? माझ्या मैत्रिणीची निदान परीक्षा झाली. माझी झालेलीच नाही.

तर, देव देतो म्हणून आवडणं आणि तो आहे तसा आवडणं हे खरोखर वेगळं असतं का? असलं तर आपलं आपल्याला कळणार कसं? आणि मला सगळ्यात छळणारा प्रश्न असा की 'तो आहे तसा' म्हणजे कसा? त्याने दिलेलं सगळं वजा केलं तर मला त्याच्याबद्दल माहीत काय आहे?

व्हॉट्सअॅपवरचे सुविचार नकोत. शास्त्र सांगणार असाल तर ठिकाण सांगा, म्हणजे मूळ वाचता येईल.

तर्कटनाना

मिळालं तर कृपा, नाही मिळालं तर परीक्षा, वाईट झालं तर पूर्वजन्म. या मांडणीत देव कधी नापास होऊच शकत नाही, हे लक्षात आलं का? मैत्रिणीने केलं ते या सगळ्यात प्रामाणिक आहे. तिला माझा नमस्कार सांगा.

पुढील भागाच्या प्रतीक्षेत. (भांडणाच्या.)

शमीपत्र

ताई, ठिकाणासकट सांगतो.

गीता, अध्याय 7, श्लोक 16. भगवंत म्हणतात, मला भजणारे चार प्रकारचे असतात: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. म्हणजे संकटात सापडलेला, जाणून घेऊ पाहणारा, काहीतरी हवं असलेला, आणि ज्याला काही नको असा. 17 व्या श्लोकात ज्ञानी श्रेष्ठ ठरतो, आणि प्रवचनकार बहुधा तिथेच थांबतात. 18 वा सुरू होतो 'उदाराः सर्व एवैते' असा. हे सगळेच थोर. सारसबागेतल्या तुमच्या यादीसकट तुम्ही त्यात आलात.

याच्या उलट टोकाला प्रल्हाद. भागवत, सातवा स्कंध, दहावा अध्याय. नृसिंह म्हणतो, वर माग. प्रल्हादाला ते जवळजवळ अपमानासारखं वाटतं. तो म्हणतो, 'यस्त आशिष आशास्ते न स भृत्यः स वै वणिक्'. तुझ्याकडून मोबदला इच्छिणारा सेवक नव्हे, तो व्यापारी. द्यायचंच असेल तर माझ्या मनात मागण्याची इच्छाच उगवू नये असं कर.

कीर्तनात ही कथा इथे संपते. ग्रंथात संपत नाही. त्याच अध्यायात थोडं पुढे हाच प्रल्हाद आपण होऊन काहीतरी मागतो: माझ्या बापाला या पापातून सोडव. ज्या बापाने त्याला मारायला काही बाकी ठेवलं नव्हतं, त्याच्यासाठी. तेव्हा मागणं आणि प्रेम यांना एकदम समोरासमोर उभं करू नका, एवढंच सुचवतो.

मिसळ_कमी_तिखट

'वणिक'बद्दल मार्केट यार्डातल्या आमच्या काकांतर्फे निषेध नोंदवून घ्यावा. बाकी वाखुसा (वाचनखूण साठवली आहे).

अभ्यासिका_लातूर

ताई, राग मानू नका, पण हा धागा वाचून जरा डोकं फिरलं.

मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. सकाळी अभ्यासिका, दुपारी मेस, रात्री परत अभ्यासिका. दगडूशेठसमोरून जाताना रस्त्यावरूनच हात जोडतो, मूर्ती बाहेरून दिसते. आणि मागतो. सरकारी पोस्ट मागतो, सरळ. पूर्व परीक्षा निघाली, मुख्य काही निघंना. वडलांची कोरडवाहू जमीन, सोयाबीन. जून लागला की ते आभाळाकडं बघून पाऊस मागतात. त्यांना जाऊन कोण सांगणार, की बाबा, पाऊस मागू नका, देवावर निरपेक्ष प्रेम करा?

निरपेक्ष व्हायला आधी चार अपेक्षा पुऱ्या झालेल्या लागतात. हा प्रश्न ज्यांचा फ्लॅट झाला त्यांना पडतो. आम्हाला पडत नाही, कारण आमचं मागणंच अजून संपलेलं नाही.

पर्वतीपायथा

लागलं, पण खोटं नाही. फ्लॅट झाला म्हणूनच प्रश्न पडला, हे मी वरही लिहिलंय. तरी विचारते: समजा पोस्ट नाही मिळाली, तर तू दगडूशेठसमोरून जाताना हात जोडशील का?

अभ्यासिका_लातूर

माहीत नाही. खरंच माहीत नाही. बहुतेक शिवाजी रोडवरून जाणंच बंद करीन.

टाळमाउली

रामकृष्णहरी.

ताईंच्या शेवटच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून लिहिते. देणं वजा केलं तर देवाबद्दल माहीत काय?

आमच्या देहूकडे भजनाला बसलं की क्रम ठरलेला. 'जय जय रामकृष्णहरी' झालं की आधी रूपाचे अभंग. तुकोबांचं 'सुंदर तें ध्यान उभें विटेवरी, कर कटावरी ठेवोनियां'. ज्ञानेश्वर माउलींचं 'रूप पाहतां लोचनीं, सुख जालें वो साजणी'. त्यात मागणं शोधून दाखवा. गळ्यात तुळशीचे हार, कासेला पीतांबर, कानांत मकरकुंडलं, कंठी कौस्तुभ. नुसतं बघणं चाललंय. शेवटी तुकोबा म्हणतात, माझं हेच सगळं सुख, आवडीने श्रीमुख पाहीन. झालं. करुणेचे, भांडणाचे, गाऱ्हाण्याचे अभंग पुढे आहेत की, ढीगभर आहेत. पण पहिली पाळी बघण्याची.

आणि बघायचं कुणाला? बहुतेक देवांचा एक तरी हात आशीर्वादाला उचललेला असतो. पांडुरंगाचे दोन्ही हात कमरेवर. देण्याची मुद्राच नाही. नुसता उभा आहे. त्याच्यासाठी लोक देहू-आळंदीहून दोन-अडीच आठवडे चालतात, दिवेघाट चढतात, आणि एकादशीच्या गर्दीत कित्येक जण बाहेरूनच कळसाला हात जोडून मागे फिरतात. पायावर डोकं टेकलं नाही म्हणून वारी वाया गेली, असं मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. ताई, 'तो आहे तसा' कसा ते मला सांगता येणार नाही. पण बघण्याची सवय लावता येते. सारसबागेत एकदा यादी न काढता नुसतं बघून या. अवघड जाईल, सांगून ठेवते. मला अजून जातं.

'हेंचि दान देगा देवा' हेही मागणंच आहे हे नाना आता म्हणतील, त्याआधी मीच म्हणते. आहेच. पण मागितलंय काय? तुझा विसर न व्हावा. मुक्ती नको, धनसंपदा नको. पुन्हा गर्भवासात घाल, आनंदाने जाऊ. ज्या मोक्षासाठी बाकीचे देव धरतात तोच इथे परत केलाय.

तर्कटनाना

माउली, तुमच्या आधीच्या प्रतिसादाला पहिल्यांदा दाद. कमरेवरच्या हातांचा मुद्दा सुरेख आहे.

आता शंका. 'सुखकर्ता दुखहर्ता' ही आरती रामदासांची मानतात. 'संकटीं पावावें, निर्वाणीं रक्षावें'. अख्खं पुणे भाद्रपदात दहा दिवस टाळ्या वाजवत हे मागतं. त्याच रामदासांच्या दासबोधात चौथ्या दशकात, सख्यभक्तीच्या समासात, 'आपुलें आवघेंचि जावें, परी देवासी सख्य राहावें' असं आहे. एकाच माणसाने दोन्ही लिहायचं? लोकांना एक आणि शिष्यांना दुसरं?

शमीपत्र

नाना, एकाच माणसाला सकाळी संकट असतं आणि संध्याकाळी नसतं. यात फसवणूक कुठे आली? आर्तापासून ज्ञानीपर्यंत ही चार वेगळी माणसं आहेत असं गीतेने कुठे म्हटलंय, हे मीच आता तपासतो आहे. मला तर त्या एकाच माणसाच्या चार वेळा वाटतात. (हे माझं मत. भाष्यकारांच्या माथी मारत नाही.)

दौंडलोकल

पहिल्यांदाच या विभागात लिहितोय. आम्ही ख्रिस्ती, गाव केडगाव, नोकरी पुण्यात. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आमच्याच गावी. हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणणाऱ्या बाई. त्यांचे आईवडील दुष्काळात उपासमारीने गेले होते, त्यामुळे 'देव देतो का' हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हता.

धागाकर्तीच्या प्रश्नावर बायबलात एक अख्खं पुस्तक आहे. ईयोबाचं. सुरुवातीलाच सैतान देवाला विचारतो, ईयोब काय फुकट तुझं भय धरतो? तूच त्याच्याभोवती कुंपण घातलंस, त्याच्या कामाला यश दिलंस. ते काढून घे, मग बघ. ताई, 'मिळालेल्या मालाची पोच' म्हणून तुम्ही जे लिहिलंत ते जवळजवळ सैतानाचं वाक्य आहे. रागावू नका, फार चांगला प्रश्न आहे तो. देवालाही तो टाळता आला नाही.

मग सगळं जातं. गुरंढोरं, नोकरचाकर, दहाही मुलं एका दिवसात. अंगभर फोड. बायको म्हणते, देवाला शाप दे आणि मर. तीन मित्र येतात आणि त्याची अवस्था बघून सात दिवस सात रात्री जमिनीवर त्याच्याशेजारी बसून राहतात. एक शब्द बोलत नाहीत. नंतर बोलायला लागतात आणि सगळं बिघडतं. तुझंच काहीतरी चुकलं असणार, देव उगाच शिक्षा करत नाही, वगैरे. ईयोब ऐकून घेत नाही. आपल्या जन्मदिवसाला शिव्या घालतो, देवाला खटल्यात उभं करू बघतो. आणि शेवटी देव मित्रांवरच रागावतो: माझा सेवक ईयोब माझ्याविषयी नीट बोलला, तसं तुम्ही बोलला नाहीत. देवाची वकिली करणारे हरले, भांडणारा जिंकला.

तर्कटनाना

आणि शेवटी ईयोबाला सगळं दुप्पट परत मिळालं, ते सांगायचं राहिलं का? 7,000 मेंढ्यांच्या 14,000. 3,000 उंटांचे 6,000. मोबदला मिळालाच की.

दौंडलोकल

मिळाला. मुद्दाम टाळलं नव्हतं. पण मुलं दुप्पट नाहीत हे बघा. आधी सात मुलगे, तीन मुली. नंतरही तेवढेच. ज्याने लिहिलं त्याला हिशेब कळत होता, आणि गेलेली मुलं मेंढ्यांसारखी भरून निघत नाहीत हेही.

दुसरं म्हणजे क्रम बघा. देव वावटळीतून बोलतो, पण ईयोबाच्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही. उलट विचारतो, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? सैतानाशी झालेलं बोलणं तर तो सांगतसुद्धा नाही. तरी 42 व्या अध्यायात ईयोब म्हणतो, आजवर तुझ्याविषयी कानाने ऐकलं होतं, आता डोळ्याने तुला पाहिलं. हे तो म्हणतो तेव्हा अजून राखेत बसलेला आहे, अंगावर फोड आहेत, एक मेंढी परत आलेली नाही. मेंढ्या नंतर आल्या. माउलींचा रूपाच्या अभंगांचा प्रतिसाद वाचताना मला हेच वचन आठवत होतं.

टाळमाउली

दादा, दंडवत. हे ठाऊक नव्हतं.

लातूरच्या लेकराला एक सांगायचं होतं. बाळा, भरल्या पोटाची भक्ती म्हणालास ते बऱ्याच जणांना लागू आहे, मलाही असेल. तुकोबांना नाही. 1630 च्या दुष्काळात त्यांचं दुकान बुडालं. स्वतःच सांगतात, 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान, स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली'. त्यानंतरचं आहे 'बरें जालें देवा निघालें दिवाळें'. इतरांनी ते वाक्य त्यांच्या तोंडी घातलं असतं तर मी तरी ऐकून घेतलं नसतं. त्यांचं त्यांनी म्हटलंय.

तर्कटनाना

पण माउली, त्याच दुष्काळात ज्यांचं देवावरून मन उडालं त्यांनी अभंग लिहिले नाहीत. त्यामुळे आपल्या हातात फक्त टिकलेल्यांचे अभंग उरतात आणि आपण म्हणतो, बघा, संकटात भक्ती टिकते. धागाकर्तीच्या मैत्रिणीची गाथा कोण छापणार?

टाळमाउली

छापलेली आहे. तुकोबांच्याच गाथेत. 'माझे लेखीं देव मेला, असो त्याला असेल. गोष्टी न करीं नांव नेघें, गेलों दोघें खंडोनि.' माझ्यापुरता देव मेला. तो असला तर ज्याला असेल त्याला असो. त्याच्या गोष्टी करणार नाही, नाव घेणार नाही, आमचं दोघांचं तुटलं. ताईंच्या मैत्रिणीने देव माळ्यावर टाकले, तुकोबांनी त्याला मेलाच म्हटलं. आणि हा अभंग कुणी गाथेतून उपटून काढला नाही. आम्ही म्हणतो तो.

तर्कटनाना

हे मला माहीत नव्हतं. एक गुण तुम्हाला.

दगडीजिना

बरेच दिवस वाचनमात्र होतो. इथे थोडं थांबवावंसं वाटलं.

'काहीही न मिळता देवावर प्रेम' म्हटलं की चोखोबांचं नाव पुढे येणार हे मला पहिल्या प्रतिसादापासून दिसत होतं. अजून कुणी काढलं नाही, म्हणून मीच काढतो. ज्याला देवळात पाऊल टाकू दिलं नाही, दर्शनसुद्धा मिळालं नाही, तोही विठ्ठलाचाच राहिला. 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून तिच्याखाली मेला. आज पंढरपुरात नामदेव पायरीसमोर त्याची समाधी आहे. म्हणजे मेल्यावरही बाहेरच. आमच्या लोकांना ते दार उघडलं 1947 साली, साने गुरुजींनी उपोषण केल्यावर.

चोखोबांची भक्ती खरी होती याबद्दल मला शंका नाही. पण 'त्यांना काही नको होतं' असं म्हणणं त्या दाराच्या आत उभ्या असलेल्यांना फार सोयीचं आहे. त्यांना हवं होतं. 'धांव घाली विठू आतां, चालूं नको मंद, बडवे मज मारिती' हे मागणं नाही तर काय आहे? मार चुकवायचं मागणं. 'मज दूर दूर हो म्हणती, तुज भेटूं कवण्या रीती' हेही. आणि त्यांचा मुलगा कर्ममेळा तर थेट देवाला विचारतो, 'जन्म गेला उष्टें खातां, लाज न ये तुमचे चित्ता'. निरपेक्ष प्रेमाचे धडे देताना हा अभंगही शेजारी ठेवा.

माझं म्हणणं एवढंच आहे की देवाकडे भेट मागणं एक आणि माणसांकडे हक्क मागणं दुसरं. दुसरं दाबण्यासाठी पहिल्याचं कौतुक करू नये. पुण्यात ते पुष्कळ झालं आहे.

पर्वतीपायथा

हा प्रतिसाद सकाळपासून परत परत वाचते आहे. कर्ममेळ्याचा अभंग माहीत नव्हता. शाळेत 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा' होता आणि त्यावर बाईंनी सुंदर निबंध लिहून घेतला होता. बडव्यांचा अभंग शिकवलाच नाही.

शमीपत्र

सहमत. यात घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

संपादक मंडळ

दर्शनाच्या रांगा, व्हीआयपी पास, देणगीचे काउंटर आणि 'देवस्थानं विरुद्ध देव' या विषयावरचे प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. या धाग्याचा काश्मीर (भरकटलेलं, न संपणारं भांडण) होऊ देऊ नये ही विनंती.

बसस्टॉप_कोंढवा

हलवलेल्या प्रतिसादांत माझा एक होता, असो. मूळ विषयावर लिहितो.

राबिया बसरींची गोष्ट आमच्याकडे लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते. आठव्या शतकातल्या, इराकमधल्या बसऱ्याच्या. एका हातात पेटती मशाल, दुसऱ्यात पाण्याचं भांडं घेऊन रस्त्याने निघाल्या. लोकांनी विचारलं, कुठे? म्हणाल्या, स्वर्ग जाळायला आणि नरक विझवायला, म्हणजे लोक या दोहोंच्या लोभाने किंवा भीतीने अल्लाहची इबादत करायची थांबतील. त्यांच्या नावाने एक दुआ आहे: नरकाच्या भीतीने तुझी भक्ती करत असेन तर मला त्यात जाळ, स्वर्गाच्या आशेने करत असेन तर तो मला बंद कर, पण तुझ्यासाठी करत असेन तर तुझं रूप माझ्यापासून लपवू नकोस.

लातूरच्या मित्रासाठी मुद्दाम सांगतो, राबिया सुखवस्तू घरातल्या नव्हत्या. गरीब घरच्या, लहानपणी गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या असं चरित्रांत सांगतात. दिवसभर मालकाचं काम आणि रात्री नमाज.

मात्र दुआच्या शेवटच्या ओळीत मागणं आहेच. तुझं रूप लपवू नकोस. इथेही बघणंच आलं.

मिसळ_कमी_तिखट

सगळे इतके गंभीर झालात की माझं नाव बदलावं लागेल. पण एक लिहितेच.

माझा मुलगा बाहेरगावी होस्टेलला आहे. फोन येतो तो पैसे संपल्यावर. 'आई, कशी आहेस' हे वाक्य तो उरकतो, मग आकडा सांगतो. मला कळतं. नवऱ्याला तर चीड येते. पण खरं सांगू? त्या फोनचीही मी वाट बघत असते. आकडा सांगून झाला की तो कधीकधी दोन मिनिटं जास्त बोलतो, मेसमधली भाजी, रूममेटचं प्रेमप्रकरण. त्या दोन मिनिटांसाठी मी आकड्याला कधी नाही म्हणत नाही. देव असेल तर आणि आईसारखा असेल तर, त्याला आमच्या याद्या चालत असतील असं आपलं मला वाटतं. आता हसा.

तर्कटनाना

हसलो नाही. पण आई आहे हे तुमच्या मुलाला माहीत आहे. फोन उचलला जातो.

अभ्यासिका_लातूर

मी आज घरी फोन केला. काही न मागता. आईनं विचारलं, काय झालं, तब्येत बरी आहे ना?

पर्वतीपायथा

हाहा. हे वाचून मोठ्याने हसले.

आता एक व्यावहारिक मदत हवी आहे. रविवारी मैत्रिणीकडे धायरीला जाते आहे. वरचं सगळं इतकं मोलाचं वाटलं की यातलं काहीतरी तिला सांगावं असं मनात येतंय. तुकोबांचा 'देव मेला' अभंग तरी. सांगू का?

दौंडलोकल

नको. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस चांगले होते, ते आठवा. तिने विषय काढला तर गोष्ट वेगळी.

टाळमाउली

दादांशी सहमत. डबा घेऊन जा. अभंग राहू दे, तो कुठे पळून जात नाही. आणि देव माळ्यावर आहेत तर असू देत. त्यांना त्याची सवय आहे. पुंडलिकाने तर विटेवर उभं करून ठेवलं.

शमीपत्र

एक अवांतर, पण धाग्याशी संबंध असलेलं. दगडूशेठ गणपतीला आज लोक नवसाचा देव म्हणून ओळखतात. मंदिराच्या इतिहासात असं सांगतात की दगडूशेठ हलवाई यांचा मुलगा प्लेगमध्ये गेला. ते आणि लक्ष्मीबाई खचून गेले, तेव्हा त्यांच्या गुरूंनी मूर्ती करून तिला अपत्यासारखं सांभाळायला सांगितलं. मुलगा परत आला नाही. नवस फेडायला मूर्ती बसवली असंही नाही. पुण्यातल्या सगळ्यात मोठ्या मागणीच्या देवाची सुरुवात एका न मिळालेल्या गोष्टीतून झाली आहे, हे रांगेत उभं असताना कुणाच्या मनात येत असेल असं वाटत नाही.

अभ्यासिका_लातूर

काका, हे माहीत नव्हतं. रोज समोरून जातो.

पण मी मागणं सोडणार नाही हं. आधीच सांगतो. मुख्यचा निकाल लागायचाय.

शमीपत्र

सोडू नकोस. 'उदाराः सर्व एवैते' मी तुझ्यासाठीच लिहिलं होतं. आणि मागण्याचाच विषय आहे तर कुंतीने काय मागितलं तेही वाच. भागवत, पहिला स्कंध, आठवा अध्याय. युद्ध संपलंय, राज्य मिळालंय, कृष्ण द्वारकेला निघालाय. तेव्हा ती म्हणते, 'विपदः सन्तु ताः शश्वत्'. ती संकटं पुन्हापुन्हा येवोत.

अभ्यासिका_लातूर

संकटं मागणं हेपण मागणंच झालं की काका. आणि आमच्याकडं ती न मागता येतात.

तर्कटनाना

+1. या धाग्यावर प्रथमच कुणाशी तरी पूर्ण सहमत.

पर्वतीपायथा

कुंतीवर वेगळा धागा काढा ना कुणीतरी. तिने राज्य मिळाल्यावर हे म्हटलं, नुसतं वनवासात म्हटलं असतं तर वेगळं झालं असतं, असं मला लगेच सुचतंय. म्हणजे तीही फ्लॅट झालेल्यांपैकीच!

शमीपत्र

तसं नाही. तिने संकट मागितलेलं नाही, संकटात तो भेटत होता ते भेटणं मागितलंय. त्याच श्लोकाचा उत्तरार्ध बघा, 'भवतो दर्शनं यत्स्यात्'. शिवाय राज्य मिळालं तरी तिने काय काय गमावलं होतं याचा हिशेब करायला हवा, कर्ण धरून. सविस्तर उद्या लिहितो. पेठेत लाईट गेलेत आणि मोबाईलवर संस्कृत टंकताना जोडाक्षरं फुटतायत.